अंड्याच्या कवचातील रोपे
(सीलिया थॅक्स्टर यांचे अल्पचरित्र)

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही आम्हांकडे एखादे चरित्र मागितले. आजवर या पृष्ठांतून आम्ही जी चरित्रे सादर केली, ती बहुतेक शालेय पुस्तकांतून परिचित असलेल्या थोर पुरुषांची होती. यंदा मात्र एका अमेरिकन स्त्रीचे, तेही एका कवयित्रीचे व माळीकाम करणाऱ्या बाईचे चरित्र आम्ही निवडले आहे. हे पाहून आमच्या ज्ञातिबंधू-भगिनींस थोडे चमत्कारिक वाटेल. आमची त्यांस एवढीच विनंती की, त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा.

आपल्याकडे लग्नघरात मुलीची पाठवणी होत असता वडीलधारी माणसे भाताच्या रोपाचा दाखला देतात. तरवा एका जागी पेरावा, चिखलातून उपटावा, मुठी बांधाव्या आणि दुसऱ्या खाचरात लावावा. दोन दिवस रोप मान टाकते व मग सावरते. मुलीचेही तसेच, असे म्हणून विहिणी डोळे पुसतात. हा दाखला आम्हीही पुष्कळ वर्षे देत होतो. परंतु सृष्टीतील सर्वच रोपे भातासारखी नसतात. काहींचे मूळ सोटासारखे एकच, लांब व अतिशय नाजूक असते; ते दुखावले की रोप पुन्हा सावरत नाही. आपण जिची खसखस खातो त्या झाडाच्या कुळातील विलायती फुलझाड, ज्यास पॉपी म्हणतात, ते या जातीचे आहे. हे पॉपीचे रोप न दुखावता कसे हलवावे याची युक्ती आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवणारी स्त्री, ती आमची चरित्रनायिका होय.

सीलिया लेटन हिचा जन्म २९ जून १८३५ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ या बंदराच्या गावी झाला. तिचे वडील थॉमस लेटन हे व्यापार व राजकारण यांत वावरणारे मानी गृहस्थ होते. १८३९ साली त्यांनी दीपगृहाच्या रखवालदाराची नोकरी पत्करली आणि बायकोमुलांसह ते समुद्रात राहावयास गेले. समुद्रात हा शब्द आम्ही जाणूनबुजून लिहीत आहो. पोर्ट्समथकडील किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटर अंतरावर आइल्स ऑफ शोल्स नावाचा नऊ लहान बेटांचा पुंजका आहे. त्यांतील व्हाइट आयलंड हे बेट म्हणजे एक उघडा खडकच. त्यावर दीपगृह, रखवालदाराचे घर आणि भोवती पाणी. हिवाळ्यात वादळ झाले म्हणजे लाटांचे तुषार घराच्या खिडक्यांवर येत आणि कित्येक दिवस होडी किनाऱ्यास जाऊ शकत नसे. सीलिया त्या वेळी चार वर्षांची होती. तिला खेळावयास दोन धाकटे भाऊ, शंखशिंपले, खडकांच्या भेगांतील गवत आणि समुद्रपक्षी.

त्या खडकावर तिने आयुष्यातील पहिली बाग केली. ती बाग चौरस वाराहून मोठी नव्हती आणि तीत एकाच जातीची फुले होती. ती फुले कोणती, तर आफ्रिकन मॅरिगोल्ड, म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपला झेंडू! दसऱ्यास आपण ज्याचे तोरण दारावर बांधतो, तोच. गंमत अशी की हा झेंडू मूळचा ना आफ्रिकेचा, ना आपला. तो मेक्सिकोकडचा, तेथून समुद्रमार्गे जगभर गेला आणि ज्या देशात गेला तेथला होऊन बसला. कोठेही नेऊन लावा, तक्रार नाही. पाच-सहा वर्षांच्या त्या मुलीला आपल्या वावभर खडकावर ती सोनेरी फुले पाहून काय वाटत असेल, ते तिने म्हातारपणी लिहिलेल्या पुस्तकात नमूद केले आहे.

पुढे वडिलांनी दीपगृहाची नोकरी सोडली व त्याच पुंजक्यातील ॲपलडोर या सर्वांत मोठ्या बेटावर उतारूंसाठी एक मोठे हॉटेल बांधले. ते १८४८ साली उघडले. उन्हाळ्यात समुद्राची हवा खाण्यासाठी शहरातील सुखवस्तू मंडळी तेथे येऊ लागली व लेटन कुटुंबाचे बरे दिवस आले. हॉटेलच्या उभारणीत थॅक्स्टर नावाचा एक सुशिक्षित तरुण भागीदार होता. लिव्हाय थॅक्स्टर हा हार्वर्डचा पदवीधर. कायदा शिकलेला, नाटकाचा नाद असलेला, काव्य मोठ्या रसिकतेने वाचून दाखविणारा. लेटनच्या मुलांस शिकविण्याचे कामही त्याच्याकडे आले. सीलियाने शाळेचे तोंड फार थोडे दिवस पाहिले. तिचा खरा गुरू हाच. आणि हाच गुरू पुढे तिचा पती झाला. १८५१ च्या सप्टेंबरात ॲपलडोर बेटावर हा विवाह झाला तेव्हा वधूचे वय सोळा होते व वराचे सत्तावीस.

लिव्हाय हा दुष्ट मनुष्य नव्हता, हे आम्ही आवर्जून सांगतो; चरित्रकार एकाला चढविण्यासाठी दुसऱ्याला पाडतात, ते आम्हांस पसंत नाही. परंतु तो एखाद्या व्यवसायात स्थिर असा कधी झाला नाही. काही वर्षांनी समुद्रात होडीवर वादळात सापडून तो मरता मरता वाचला व तेव्हापासून बेटांवर राहणे त्यास नकोसे झाले. कुटुंबाने बॉस्टनजवळच्या न्यूटनव्हिल येथे बिऱ्हाड केले. तीन मुलगे झाले. थोरला कार्ल हा जन्मापासून पायाने अधू व मनाने अस्थिर. त्याचा भार जन्मभर आईवर राहिला. पुस्तकांत रमणारा नवरा, तीन मुले, धुणे, शिवण, चूल, आणि चोहोकडे घरे व झाडे. सोळाव्या वर्षी खडकावरून उचललेल्या या मुलीला समुद्र दिसत नव्हता, ऐकूही येत नव्हता. स्वयंपाकघरातील कामाच्या धबडग्यात तिने या वेदनेवर एक कविता केली. १८६१ च्या मार्च महिन्यात ती अटलांटिक मंथली या अमेरिकेतील अग्रगण्य मासिकात छापून आली. तिचे नाव लँड-लॉक्ड, म्हणजे चारही बाजूंनी जमिनीने कोंडलेली. त्या मासिकाचे संपादक त्या काळी जेम्स रसेल लोवेल हे सुप्रसिद्ध कवी होते. एका कवितेने सीलियाबाई कवयित्री म्हणून गणल्या जाऊ लागल्या.

येथे वाचकांची क्षमा मागून थोडे घरचे लिहितो. आमची थोरली भगिनी १९६८ साली सोळाव्या वर्षी मालवणच्या बाजूच्या आमच्या गावाहून लग्न होऊन अकोल्याकडे गेली. मुलीच्या लग्नास अठरा वर्षांचा कायदा १९७८ साली आला. तेव्हा तो नव्हता. ती वर्गात पहिली असे. तिला बक्षीस म्हणून मिळालेला इंग्रजी-मराठी शब्दकोश जाताना तिने आम्हांस दिला. आम्ही आठ वर्षांचे होतो. आम्हांस तो कोश मिळाल्याचाच आनंद अधिक झाला, हे आज लिहिताना लाज वाटते. त्या कोशाच्या आधारे आम्ही मॅट्रिक झालो व जन्मभर मास्तरकी केली. ताईच्या पत्रांत नवऱ्याविषयी वा सासरविषयी कधी तक्रार नसे. मात्र प्रत्येक पत्रात परसातील अबोली फुलली का, आणि घरात बसून समुद्राचा आवाज येतो का, हे विचारलेले असे. अबोलीची रोपे तिने दर खेपेस मुळासकट उपटून ओल्या फडक्यात बांधून नेली. एकही जगले नाही. तिकडच्या पाण्याला नावे ठेवून आम्ही मोकळे झालो.

आता मूळ विषयाकडे वळू.

१८६६ साली वडील वारले. आई आजारी राहू लागली व तिच्या शुश्रूषेच्या निमित्ताने सीलियाबाई कार्लला घेऊन वर्षातील बराच काळ पुन्हा बेटावर राहू लागल्या. नवरा इतर दोन मुलांना घेऊन बहुधा मुख्य भूमीवर असे. उघड भांडण नाही, काडीमोड नाही. दोन घरे झाली इतकेच. १८७३ साली त्यांचे या बेटांविषयीचे गद्य पुस्तक प्रसिद्ध झाले व ते खूप वाचले गेले. १८७७ साली आई गेली. १८७९ साली विल्यम मॉरिस हंट हा नामांकित चित्रकार बेटावर विश्रांतीसाठी आला असता बुडून मरण पावला. त्याचे प्रेत पाण्यात प्रथम सीलियाबाईंनाच आढळले. १८८४ साली लिव्हाय वारला. पक्ष्यांची पिसे टोपीत खोवण्याची त्या काळच्या स्त्रियांची चाल त्यांना अत्यंत क्रूर वाटे व त्याविरुद्ध त्यांनी कडक शब्दांत लिहिले. संसारास हातभार म्हणून त्या चिनी मातीच्या भांड्यांवर फुलांची चित्रे काढून विकीत. हे सर्व आम्ही भराभर सांगत आहो, कारण बागेविषयी आम्हांस सविस्तर लिहावयाचे आहे.

ॲपलडोरवरील त्यांच्या घरासमोर जी बाग होती तिची लांबी अवघी पन्नास फूट व रुंदी पंधरा फूट. आपल्या गावांकडे एखाद्याचे अंगण याहून मोठे असते. परंतु या साडेसातशे चौरस फुटांत गुलखैरा, स्वीट पी, पॅन्सी, नॅस्टर्शियम, सूर्यफूल, कॉसमॉस व नाना रंगांच्या पॉपी अशा दाटीने फुलत की ती पाहण्यास चित्रकार, लेखक व गवई दुरून येत. खडकावर माती बेताची, वारा खारट व पाऊस लहरी. बाई सूर्योदयापूर्वीच बागेत हजर असत. चांगल्या कुजलेल्या शेणखतावर त्यांची मोठी श्रद्धा होती आणि त्या बाबतीत आमचे त्यांच्याशी पूर्ण एकमत आहे.

त्या प्रदेशात थंडी इतकी लांबते की मे महिन्यापर्यंत उघड्यावर नाजूक बी टाकण्याची सोय नाही, आणि शरद ऋतूत पुन्हा लवकर गारठा पडतो. मधल्या तीन-चार महिन्यांत बी रुजून, वाढून, फुलावयाचे तर बीजाला आधीच घरात जागे केले पाहिजे. म्हणून हिवाळा सरत आला की, म्हणजे आपल्या माघ-फाल्गुनाच्या सुमारास, बाहेर बर्फ असताना तेथील बागकाम करणारी माणसे खिडकीच्या उजेडात पेट्या मांडून बी पेरतात. आपल्याकडे नेमके उलट आहे. आपला शत्रू थंडी नसून ऊन आहे आणि आपण बी टाकतो ते पावसाच्या धोरणाने. हा फरक ध्यानात न घेता विलायती पुस्तकातील महिने जसेच्या तसे उचलून बी पेरणारे व मग बीवाल्याला शिव्या देणारे शौकीन आम्ही पाहिले आहेत.

उत्तरायुष्यात सीलियाबाई हिवाळ्यात पोर्ट्समथला राहत. त्यांच्या तेथील उन्हाच्या खिडक्या या काळात रोपांच्या पेट्यांनी भरून जात. या कामात दोन धोके असतात. उजेड कमी पडला तर रोपे उंच, फिकट व पोचट होतात. आणि ओल अधिक झाली तर मातीलगत बुरशी धरून एका रात्रीत माना टाकतात. (त्यांचा धाकटा मुलगा रोलंड पुढे हार्वर्ड येथे बुरशींचा मोठा शास्त्रज्ञ झाला. आईच्या वैऱ्याचा अभ्यास मुलाने जन्मभर करावा, ही मौज आहे.) पॉपीचे बी तर धुळीसारखे बारीक, त्यावर मातीचा जाड थर पडला की ते कायमचे गाडले जाते. आणि इतके करून रोप आले तरी, वर सांगितल्याप्रमाणे, ते उपटून दुसरीकडे लावता येत नाही.

यावर बाईंनी जो उपाय केला तो स्वयंपाकघरातला होता. हिवाळाभर घरात फुटणाऱ्या अंड्यांची कवचे त्या टाकू देत नसत. प्रत्येक कवचात माती भरून तीत पॉपीचे दोन-तीन दाणे टाकीत आणि ती कवचे वाळूने भरलेल्या पेटीत ओळीने उभी करीत. वाळूमुळे ती कलंडत नाहीत. दाणे रुजले की सशक्त असे एक रोप राखून बाकीची काढून टाकावयाची. एप्रिलच्या सुमारास या पेट्या बोटीवर चढवून समुद्र ओलांडून बेटावर न्यावयाच्या. जमीन उबदार झाली म्हणजे कवच हलकेच फोडून दूर करावयाचे आणि आतील मातीचा गोळा जसाच्या तसा खळग्यात ठेवावयाचा. जागा बदलली हे मुळाला कळतसुद्धा नाही.

त्या सुमारास इंग्लंडात विल्क्स नावाचे एक पाद्री शर्ली या गावी पॉपीची एक नवी जात सिद्ध करीत होते. १८८० साली त्यांना रानातील तांबड्या पॉपींत पांढऱ्या कडेचे एकच फूल आढळले व त्याचे बी राखून, निवडीत निवडीत, त्यांनी रेशमासारख्या रंगांची शर्ली पॉपी तयार केली. ही जात सीलियाबाईंच्या विशेष आवडीची होती.

बागेवर संकटेही आली. सर्वांत मोठे संकट शंख नसलेल्या बुळबुळीत गोगलगाईंचे. रात्रीत वाफेच्या वाफे फस्त होत. बाईंनी चुना टाकला, मिठाची रिंगणे केली, अंधारात उठून हातांनी वेचल्या, गोगलगाई संपेनात. बेटावर बेडूक नव्हते. तेव्हा त्यांनी मुख्य भूमीवरील स्नेह्यांस कळवून भेकांची एक पेटी मागविली. पेटी आली तेव्हा वरची माती सुकून गेली होती व आतील प्राणी मेल्यागत पडले होते. बाईंनी त्यांवर पाणी शिंपडले, तो काय, मातीतून एकामागून एक डोकी वर येऊ लागली! हे पाहुणे बागेत सोडले गेले व गोगलगाईंवर ताव मारून चांगलेच लठ्ठ झाले. आपल्याकडील ज्या भगिनी परसात बेडूक दिसताच झाडू उचलतात, त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

बागेतील फुले खुडून बाई सकाळी आपला दिवाणखाना सजवीत. काचेच्या असंख्य पात्रांत रंगांची सांगड घालून ती मांडलेली असत. त्या खोलीत गायनवादन चाले, कविता वाचल्या जात. चाइल्ड हॅसम हा तरुण चित्रकार उन्हाळ्यांत तेथे येई. त्याने रंगविलेली ही बाग आजही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाहावयास मिळते. सारा ऑर्न ज्युएट या लेखिका मैत्रिणीच्या आग्रहावरून सीलियाबाईंनी बागेची सर्व हकिकत लिहून काढली. हॅसमच्या रंगीत चित्रांसह हे पुस्तक ॲन आयलंड गार्डन या नावाने १८९४ साली प्रसिद्ध झाले. कोणते फूल कोठे लाविले आहे याचा नकाशाही त्यांनी त्यात दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, बाग फुलांनी भरलेली असता, एकोणसाठाव्या वर्षी त्या बेटावरच निवर्तल्या. त्यांना तेथेच, आईवडिलांजवळ, मूठमाती देण्यात आली.

१९१४ साली आग लागून हॉटेल व बाईंचे घर जळाले. बागेवर झुडपे माजली. साठ-बासष्ट वर्षे अशीच गेली. पुढे या बेटावर सागरी जीवांच्या अभ्यासाचे एक केंद्र निघाले. त्याचे संस्थापक जॉन किंग्सबरी हे स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी १९७७ साली बाईंचा तो नकाशा समोर ठेवून त्याच जागी, तेवढीच पन्नास फूट व पंधरा फूट, बाग पुन्हा उभी केली. रोपे मुख्य भूमीवर तयार होतात व बोटीने नेली जातात.

हे पुस्तक आमच्या पुतण्याने बॉस्टनहून आम्हांस आणून दिले. आमचे इंग्रजी बेताचे. ताईच्या त्या कोशाचे बोट धरून दोन हिवाळ्यांत आम्ही ते वाचून पुरे केले. कवचांच्या पानापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. पन्नास वर्षे आम्ही अकोल्याच्या पाण्याला दोष देत होतो!

आमच्या घरी अंडी येत नाहीत, म्हणून आम्ही पळसाच्या पानांचे द्रोण घेतले. अबोलीची वाळलेली कणसे पाण्यात टाकली की तडतड फुटून बी बाहेर उडते. ते वैशाखात द्रोणांत पेरले. बारा द्रोणांपैकी नऊ रुजले. मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर बुटांच्या खोक्यात ते मांडून, मांडीवर घेऊन, दोन गाड्या बदलून आम्ही अकोल्यास गेलो. आमच्या वयास न शोभणारा तो प्रवास पाहून डब्यातील मंडळी हसत होती. ताई आता त्र्याहत्तर वर्षांची आहे. परसात आंब्याच्या सावलीला आम्ही द्रोणांसकट रोपे लावली. पान कुजून मातीत जाईल, मूळ बाहेर पडेल. आश्विनात तिचा निरोप आला की, नऊपैकी सहा जगली आहेत व दोघींना कळ्या धरल्या आहेत.

त्या भेटीत कोशही आम्ही बरोबर नेला होता. तो पिशवीतून काढून तिच्या हाती ठेवला. तिने चष्मा लावून पहिल्या पानावरील बक्षिसाचा कागद पाहिला. त्यावर तिचे माहेरचे नाव होते. मग कोश तसाच मांडीवर ठेवून, रोपांना पाणी कोणत्या नळाचे घालावयाचे, हे ती आम्हांस सांगू लागली.